देहबियाची चूल

आमच्या गावाला तिमशरेतचा, म्हणजे गावच्या मांसवाट्याचा, माज आहे. नांगरणीच्या तोंडावर अख्खं गाव वर्गणी काढून बैल कापतं, चौकात नेच्याची पानं अंथरून त्यांवर मांसाचे ढीग लावतं आणि घरातली डोकी मोजून सगळ्यांना सारखं वाटतं. फ्रान्समध्ये, मार्सेयला दुकानं असलेल्याला जेवढं, तेवढंच बकऱ्या राखणाऱ्याला. बाई पोटुशी असेल तर पोटातल्या जिवाचंही मोजतात. पोरगा परदेशात असला तरी त्याचं मोजतात, कारण तो गेला तरी गावचाच. बाहेरचे लोक येतात, फोटो काढतात, आणि आम्ही छाती फुगवून सांगतो, "आमच्यात कुणी सुटत नाही. खालच्या सपाटीवरच्या अरबांसारखं नाही आमचं. आमच्या बायका बघा, झाकतात का तोंड?"

परवा एकाला हे सांगताना ऐकलं आणि मला थुंकावंसं वाटलं. बायका तोंड झाकत नाहीत हे खरं. त्यांची नावं आम्ही झाकतो.

बेलाईद आमच्या गल्लीतला. खाली त्याचं घर, मध्ये वडिलांच्या वेळची दगडी माडी, आणि तिच्या डोक्यावर मॉन्ट्रियलला गेलेल्या मुलासाठी चढवलेला नवा मजला. तो मजला अजून नागडाच आहे, विटा दिसतात, सळ्या आभाळाकडे तोंड करून गंजतात. मुलगा येईल तेव्हा येईल. मधल्या माडीत देहबिया राहते, बेलाईदची धाकटी बहीण. तिला खाली सपाटीवर, ब्लिदाच्या एका अरब घरात दिली होती. मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी केली, ही परत आली. ज्या वर्षी बर्फाने शाळेचं छप्पर बसलं, त्या वर्षी आली. म्हणजे कधी आली हे गावात पोरासोरांनाही माहीत आहे. वर तिने कोंबड्या पाळल्या, शिवणयंत्र आणलं, स्वतःचा गॅस घेतला. गल्लीतली निम्मी घरं तिच्याकडून अंडी नेतात. लग्नसराईत पिवळे-लाल झगे तिच्याचकडून शिवून नेतात.

वाट्याचे दिवस जवळ आले तसा तिने भावाला खाली येऊन गाठला.

"दादा, या वेळी माझी चूल वेगळी सांग."

बेलाईद मुलाला मजल्याचे फोटो पाठवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "वेगळीच आहे की. मी कधी तुझ्या गॅसला हात लावला?"

"मला नको सांगूस, गावाला सांग. दा मोक्रान नावं पुकारतील तेव्हा माझं नाव पुकारलं पाहिजे. देहबिया. बस्स."

"मांस कमी पडतं का तुला? ताउस दर वर्षी वर पाठवते ना?"

"पाठवते. आतडी पाठवते."

ताउस, म्हणजे बेलाईदची बायको, मोरीतून गर्रकन वळली. "साफ करून पाठवते! आतडी साफ करायला किती वेळ जातो, कळतं का तुला?"

"वहिनी, तुझा वेळ वाचवायलाच आलेय. झऱ्याचा पाट ढासळला तेव्हा घरटी एक माणूस लागत होता ना? या घरातून कोण गेलं? मी. डोक्यावर दगडाचं घमेलं घेऊन उभी होते, आणि दा वाली काय ओरडले? 'बेलाईद हजर!' दगड वाहत होते मी आणि हजर कोण, तर हा. पांघरुणात."

"कंबर धरली होती माझी," बेलाईद म्हणाला.

त्याची कंबर दर वर्षी गावकामाच्या दिवशीच धरते, हे गावाला ठाऊक आहे.

आता खरी गोम सांगतो. आमच्या रिवाजात चूल वेगळी झाली, हे फक्त घरच्या कर्त्यानेच चौकात सांगायचं असतं. एकदा सांगितलं की ते घर वेगळं धरतात. म्हणजे माडी देहबियाची. आज माडी, उद्या वडिलांचे ऑलिव्ह. सरकारी कायद्याने बहिणीला भावाच्या निम्मं मिळतं, कुराणातही तसंच आहे. पण आमच्या डोंगरात बहिणीला काही द्यायचं नसतं, हा पूर्वजांचा रिवाज. बेलाईद शुक्रवारी मशिदीत पहिल्या रांगेत असतो. इमाम साहेबांनी हात वर केले की याच्या डोळ्यांत पाणी येतं. पण बहिणीचा वाटा निघाला की हा एकदम पूर्वजांचा होतो. तो एकटाच असा आहे असं नाही. आमच्या गावात पुरुष जिथे जे सोयीचं असेल तिथे ते होतो.

"सांगशील ना?" देहबियाने विचारलं.

"सांगतो म्हटलं ना! डोकं नको खाऊ."

"आणि मला तुझ्यात मोजलंस, तर मी चौकात येऊन नाही म्हणेन."

"चौकात? वाट्याच्या दिवशी? कशी येशील?"

"चालत," ती म्हणाली आणि वर गेली.

बेलाईद दोन दिवस विचारात होता. वेगळी सांगितली तर माडी जाते. आपल्यात मोजली तर ही चौकात येऊन शोभा करणार. मग त्याने तिसरी वाट काढली आणि त्याला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं असणार. आमच्या भावकीचे कारभारी दा वाली डोकी मोजायला आले, तेव्हा तो म्हणाला, "मी, ताउस, मुलगी तिझिरी आणि मॉन्ट्रियलवाला. देहबिया ब्लिदाला असते."

दा वालींनी मान हलवली आणि पुढच्या घरी गेले. माडीवर शिवणयंत्र चालू होतं. त्याचा आवाज खाली अंगणात ऐकू येत होता.

वाट्याच्या दिवशी चौक पहाटेपासून भरला. बैल पडले, सोलले, तोडले. मुंडकी, पाय आणि कातडी बोली लावून विकून टाकली, तसा रिवाजच आहे. त्यानंतर चौकात मांसाखेरीज काही उरत नाही, आणि मांस ढिगांत वाटून संपतं. बायका गच्च्यांवर आणि वरच्या वाटेवर. चौकात पुरुष. चौकाच्या कडेने दगडी बाक आहेत, त्यांवर म्हातारे. रिवाज असा की शेवटचं नाव पुकारेपर्यंत कुणी मांस घरी न्यायचं नाही, इमाम साहेबांची दुवा झाल्याशिवाय कुठल्या घरात भांडं चढवायचं नाही.

दा मोक्रान गावचे प्रमुख ('दा' आमच्यात वडीलधाऱ्यांना म्हणतात). कानाने कमी, पण आवाज खणखणीत. एकेक नाव पुकारत गेले.

"अक्ली, सईदचा!"

"हजर!"

"बेलाईद, हमूचा!"

"हजर!" बेलाईदने मोठं पातेलं पुढे केलं. त्याच्या ढिगावर एक सुरेख मांडी आली होती. मॉन्ट्रियलवाल्याचं नशीब चांगलं म्हणून लोक हसले.

सगळे ढीग उचलले गेले. पानं रिकामी झाली. इमाम साहेब दुवेसाठी उठले, आणि तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला.

"दा मोक्रान, एक नाव राहिलं."

देहबिया निळी परात घेऊन पायऱ्या उतरत होती. सणाचा झगा, डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट, तेच जे दगड वाहताना घातले होते.

"कुणाचं राहिलं, पोरी?"

"माझं."

दा मोक्राननी दा वालींकडे पाहिलं. दा वाली खोकले. "बेलाईदने सांगितलं की ती ब्लिदाला असते."

"दा वाली," देहबिया म्हणाली, "आज सकाळी अंडी कुठून नेलीत? ब्लिदाहून आली का?"

गच्च्यांवर हशा पिकला. दा वालींची मानसुद्धा लाल झाली. खाली मात्र कुणी हसलं नाही. आम्हा प्रत्येकाला ठाऊक होतं की ती इथेच असते. दा वाली घरोघर मोजत फिरले तेव्हा बेलाईदने काय सांगितलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या कानावर आलं होतं. कुणी म्हटलं नाही की अरे, बाई तर समोर आहे. कोण कशाला म्हणेल? प्रत्येकाच्या घरी एक बहीण आहे.

"काय रे बेलाईद?" दा मोक्राननी विचारलं.

बेलाईद पातेल्याकडे बघत होता. "विसरलो."

"काय?"

"विसरलो म्हटलं. ती आलीये ते विसरलो."

इतकं हलकट खोटं मी आजवर ऐकलं नव्हतं. आणि ते आम्ही ज्या चपळाईने झेललं, ते तर त्याहून हलकट. लगेच चारी बाजूंनी सुरू झालं. "माणूस आहे, विसरतो." "एवढ्या कामात कुणाच्या लक्षात राहतं?" इमाम साहेब म्हणाले, "विसरण्याला अल्लाहकडे माफी आहे." दा वाली तर एकदम तरतरीत झाले, "हां! चला, बेलाईदच्या पातेल्यात हिचे चार तुकडे टाका नि दुवा करा. पोरं भुकेली आहेत."

"त्याच्या पातेल्यात नको," देहबिया म्हणाली.

"मग कुणाच्या?"

"माझी परात आणलीये की. दिसत नाही का?"

"अगं, मांस मांसच असतं! याच्यातून काय नि त्याच्यातून काय?"

"मग तुमचा वाटा तुमच्या बायकोच्या नावाने पुकारू द्या की, दा वाली. मांस मांसच असतं."

आता वरचं हसूही थांबलं.

देहबिया चालत गेली आणि दगडी बाकावर बसली. म्हाताऱ्यांच्या ओळीत. त्या बाकावर बाई बसलेली गावाने कधी पाहिली नव्हती. शेजारचे म्हातारबाबा विंचू आल्यासारखे सरकले. तिने परात मांडीवर घेतली.

"मी बसते. दादाला आठवेल तेव्हा सांगा."

ऊन चढलं. मांसावर माश्या आल्या. लोक मांस घेऊन जाऊ शकत नव्हते, कारण नाव शिल्लक होतं. दुवा होत नव्हती, कारण नाव शिल्लक होतं. आमचाच रिवाज आमच्या छातीवर बसला. पोरं रडायला लागली. फ्रान्सहून आलेला एक जण मोबाईलवर शूटिंग करत होता, दा मोक्रान त्याच्यावर खेकसले. देहबिया म्हणाली, "काढू द्या. आमच्यात कुणी सुटत नाही म्हणून दाखवेल तिकडे."

मग राग निघाला. बेलाईदवर नाही, तिच्यावर. "ब्लिदाहून हेच शिकून आलीस का?" एकाने मागून विचारलं.

"तिथे माझी सासू अरब होती," ती मागे न वळता म्हणाली. "मला घराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. पण ताट वाढताना नाव घेऊन बोलवायची. तुमच्यात मी कुठेही हिंडते. फक्त मी नसतेच."

विचारणारा गर्दीत मागे सरकला.

बेलाईद घामाने निथळत होता. त्याने एकदा वर माडीकडे पाहिलं, मग माडीच्या डोक्यावरच्या गंजलेल्या सळ्यांकडे. गच्चीवर त्याची मुलगी तिझिरी कठड्याला धरून उभी होती आणि बापाकडे बघत होती. ती काही ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं झालं असतं, तिच्यावर तरी डाफरता आलं असतं. तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," दा मोक्रान कानाला हात लावून म्हणाले.

"तिची... वेगळी आहे."

"काय वेगळी आहे? मोठ्याने बोल रे!"

"तिची चूल वेगळी आहे!" बेलाईद किंचाळला. आवाज मध्येच फाटला, वयात येणाऱ्या पोरासारखा.

दा मोक्राननी घसा साफ केला. "हमूची मुलगी!"

देहबिया बसून राहिली.

"हमूची मुलगी! अगं, तुलाच पुकारतोय!"

"हमूला तीन मुली होत्या, दा मोक्रान. कुठली?"

म्हाताऱ्याने जमिनीकडे पाहिलं. ज्या माणसाचा आवाज पलीकडच्या डोंगरावर जातो, त्याने तोंडात खडा असल्यासारखं ते नाव काढलं. "देहबिया."

"हजर," ती म्हणाली आणि उठली.

आता ढीग कुठून आणायचा? पानं रिकामी होती. दा मोक्राननी सांगितलं की प्रत्येकाने आपल्यातून एकेक तुकडा परत टाकायचा, एवढी घरं आहेत, सहज होईल. रास्त होतं. एकेक जण पुढे यायला लागला. प्रत्येकाने आपल्या पिशवीत, पातेल्यात हात घातला आणि चाचपडलं. बघून नाही, चाचपडून. बोटांना हाड लागलं की हात बाहेर. प्रत्येकाच्या मनात एकच असणार, माझ्या एका हाडाने काय होतंय, बाकीचे मांस टाकतीलच. बरगडीचं टोक पडलं. मणका पडला. मानेचं हाड, चरबीची गोळी, पुन्हा मणका. ढीग वाढत गेला, उंच झाला, आजच्या दिवसातला सगळ्यात उंच ढीग तोच, आणि पांढराफटक. इमाम साहेबांनीही टाकला. त्यांचाही तुकडा मांसाचा नव्हता.

शेवटी बेलाईद आला. पातेल्यात सगळ्यात वर ती मांडी होती. आम्ही सगळे बघत होतो, आणि खोटं का बोलू, आम्हाला वाटत होतं की हा आता मांडी टाकेल आणि आम्हा सगळ्यांना यातून सोडवेल. त्याने मांडी एका हाताने बाजूला सारली, दुसरा हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळातून गुडघ्याची वाटी काढली. ती ढिगावर ठेवली. ती घरंगळून देहबियाच्या बुटापाशी आली.

देहबियाने वाकून ती उचलली, परातीत टाकली. मग सगळा ढीग दोन्ही हातांनी परातीत भरला, एक हाड खाली ठेवलं नाही. परात डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "दा मोक्रान, एक विचारू? त्या बैलांना मांस होतं ना?"

ती पायऱ्या चढून गेली. इमाम साहेबांनी दुवा सुरू केली. आमेन म्हणता म्हणताच आम्ही पिशव्या उचलल्या.

संध्याकाळी प्रत्येक घरात वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसवर मांस होतं. बेलाईदच्या घरात मांडी शिजली होती. ताउसने सगळ्यात मोठा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. त्याने एक घास तोंडात घेतला आणि तो तसाच एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत बसला.

"गिळ की," ताउस म्हणाली. "माडी तर दिलीस, निदान मांस तरी खा."

वरून हाडांच्या रश्श्याचा वास येत होता. तिने मोठ्या भांड्यात सगळी हाडं एकदम चढवली होती, कांदा आणि रानभाजी घालून, आणि झाकण ठेवलं नव्हतं. तो वास गल्लीभर पसरला होता. तिझिरीने आपली वाटी उचलली.

"कुठे?" बेलाईदने विचारलं.

"वर. आत्याकडे."

"इथे मांस आहे."

"दिसतंय," ती म्हणाली आणि गेली. थोड्या वेळाने वरून दोघींचं हसणं ऐकू आलं. बेलाईदने तोंडातला घास हातावर काढला आणि मांजराला टाकला.

सकाळी देहबियाने दार उघडलं तर कडीला पिशव्या लटकलेल्या. उंबऱ्यावरही होत्या. प्रत्येकीत मांस, चांगलं मांस. कुणी ठेवलं त्याचा पत्ता नाही. अंधारात येऊन, पाय न वाजवता, आम्ही आमची लाज तिच्या दाराला बांधून गेलो होतो. दिवसाउजेडी हातात द्यायची कुणाची छाती झाली नाही. त्यातल्या एका पिशवीत शिजवलेली अर्धी मांडी होती.

तिने सगळ्या पिशव्या परातीत भरल्या, चौकात नेल्या आणि दगडी बाकावर ओळीने मांडल्या. पाण्याला आलेल्या, मशिदीतून निघालेल्या, बसची वाट बघत असलेल्या प्रत्येकाला ती विचारत होती, "हे कुणाचं विसरलंय?"

"आमचं नाही बाई."

"दा वाली, ही पिशवी तुमच्या दुकानातली दिसते."

"सगळं गाव माझ्याकडूनच पिशव्या घेतं," दा वाली म्हणाले आणि उलट्या दिशेने चालायला लागले.

बेलाईद बस पकडायला निघाला होता. बाकावर त्याने आपली मांडी ओळखली. "दादा, तुझं काही?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. नाही. ऊन येईपर्यंत पिशव्या तशाच होत्या. मग कुत्री आली. ज्या मांसावर आम्ही दुवा केली होती ते कुत्र्यांनी बाकावरून ओढून नेलं, आणि आम्ही दारांआडून बघत राहिलो, कारण हाकलायला जाणं म्हणजे आपलं म्हणून कबूल करणं.

तुम्हाला वाटेल, यातून गाव काहीतरी शिकलं असेल. शिकलं की. यंदाच्या वाट्याआधी बैठक बसली. देहबियाच्या पाठोपाठ आणखी दोघींनी चूल वेगळी मागितली होती, एक विधवा आणि एक शिक्षिका. नाही म्हणायची सोय नव्हती, शूटिंग फ्रान्सभर फिरलं होतं. मग दा वालींनी तोडगा काढला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आता नावंच पुकारायची नाहीत. प्रत्येक चुलीला एक नंबर. शिस्तीचं, आधुनिक, भांडण नको. शेकडो वर्षं आमच्या बापजाद्यांची नावं त्या चौकात दुमदुमली, आणि तीन बायकांची नावं तोंडातून काढावी लागू नयेत म्हणून आम्ही ती सगळी एका संध्याकाळी पुरून टाकली.

यंदा चौकात दा मोक्रान पुठ्ठ्याच्या चकत्या बघून आकडे ओरडत होते. माणसं हात वर करत होती, ढीग उचलत होती. कुणी हजर म्हणत नव्हतं, आकड्याला काय हजर म्हणणार? मग देहबियाचा आकडा आला.

ती परात घेऊन पुढे झाली. ढिगासमोर थांबली, उचलला नाही.

"देहबिया," ती म्हणाली. खणखणीत, गच्च्यांपर्यंत जाईल असं. "हमूची. हजर."

मग ढीग उचलला.

तिच्यामागून विधवा आली, तिने हळूच आपलं नाव सांगितलं. मग शिक्षिकेने. त्यानंतर बेलाईदचा आकडा होता. तो पातेलं घेऊन उभा राहिला, त्याने तोंड उघडलं. बापाचं नाव त्याच्याही तोंडात होतं, आम्हाला दिसत होतं. पण मग त्याने तोंड मिटलं, हात वर केला आणि खाली बघत मांस भरायला लागला.